काठावर

बिस्मार्कला विधिमंडळ विषम सालात भरतं,
जानेवारी ते एप्रिल, मोजून ऐंशी दिवस.
मिझुरीवरचा बर्फ तडकायला लागला
की माझं काम सुरू होतं.

मतदानं नऊशेच्या वर.
त्यातली बारा आम्ही निवडतो,
ग्रेचेनच्या स्वयंपाकघरात, सहा जण,
रूबार्बचा पाय आणि दोन थर्मास कॉफी घेऊन.
शितावरून भाताची परीक्षा म्हणतात,
आमची शितं बारा.
ती कुणी वेचली
हे पत्रकावर छापत नाही.

हिरवं म्हणजे नदीच्या बाजूनं,
तांबडं म्हणजे विरुद्ध,
गैरहजर म्हणजे शून्य.
हा नियम माझ्या आधीचा, पळपुट्यांसाठी केलेला:
घंटा झाली की ज्यांना हमखास
कॉरिडॉरमध्ये जाऊन फोन घ्यावा लागतो.

ऑर्लिन श्टाइनवांट.
सात हिरवी, चार तांबडी, एक चौकोन रिकामा.
सात भागिले बारा, अठ्ठावन्न.
साठ पडले की आम्ही 'नदीचा मित्र' म्हणतो.
अठ्ठावन्नला आम्ही काहीच म्हणत नाही,
ते काम दुसरे करतात.

ऑक्टोबरात घरोघरी पोस्टकार्डं गेली.
गढूळ पाण्याचा पेला,
वर ठसठशीत: पाण्याच्या विषयात नापास.
खाली मुंगीएवढ्या अक्षरात आमचं नाव.

तो आला. चिडलेला नव्हता.
टोपी गुडघ्यावर ठेवून बसला.
चौतीस वर्षं धान्याच्या एलेव्हेटरवर काढलेला माणूस,
हातानं दाखवू लागला:
ट्रक आला की पोकळ सळई खुपसायची,
सात ठिकाणी, पार तळापर्यंत.
वरचा गहू सगळ्यांचाच चांगला असतो.
ओलावा जास्त निघाला की मीही पैसे कापलेत,
सख्ख्या मेव्हण्याचेसुद्धा.
तेव्हा मार्कांबद्दल माझी तक्रार नाही.

मग जरा थांबून:
चौदा मार्चला काय धरलंत?
शून्य, मी म्हणाले.
हं, म्हणाला.

चौदा मार्चला लव्होनाचं ऑपरेशन होतं, फार्गोला.
मला माहीत होतं.
बरी हो म्हणून एक कार्ड सबंध इमारतीत फिरलं,
त्यावर माझीही सही होती,
निळ्या शाईत, फूल काढून.

फेब्रुवारीत समितीत त्यानं एक साधा प्रश्न विचारला होता,
हे सांडपाणी खाली कुणाच्या विहिरीत जाणार?
अध्यक्षांनी कागद गोळा केले
आणि ते विधेयक पुन्हा वर आलंच नाही.
आलं नाही म्हणून मत नाही,
मत नाही म्हणून गुण नाही.
हे मी त्याला सांगितलं नाही. तोही बोलला नाही.

फ्रिजवर सगळ्यांची पत्रकं लावलीत, म्हणाला.
बंदूकवाल्यांचे ब्याण्णव, शिक्षकांचे चाळीस,
करवाल्यांचे एकाहत्तर, तुमचे अठ्ठावन्न.
लव्होना म्हणते, कशीही सरासरी काढा,
रात्री बूट काढून आत येतो
तो माणूस काही निघत नाही.

तो पडला, एकशे एकोणीस मतांनी.
पोस्टकार्डामुळे, असं मी म्हणणार नाही.
नाही, असंही म्हणवत नाही.

यंदा मी ठराव मांडला:
कारण खरं असेल तर गैरहजेरी मोजू नये.
बाजूनं दोन हात, विरुद्ध तीन.
खरं कारण कोण ठरवणार, रॉडरिक म्हणाला,
आणि त्याचंही चूक नव्हतं.
नियम कायम, मी वहीत लिहिलं.

तेवढ्यात ओव्हनकडून,
पाठमोरी, हातात जाड मोजे घातलेली ग्रेचेन:
अगं, माझं काय धरलंत?

कुणी काही बोललं नाही.
पाय एका कडेनं करपला होता.
आम्ही तो तसाच खाल्ला.